गट समुपदेशन : गटनेत्याची भूमिका आणि गोपनीयतेची मर्यादा

मुले व किशोरांच्या गट समुपदेशनात गटनेता पहिल्याच सत्रात नियम सांगतो : गटातले बोलणे बाहेर सांगायचे नाही. मात्र तुम्ही गटनेते असाल, तर 'काहीही सांगा, कोणालाच कळणार नाही' असे वचन देऊ नका. पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार 18 वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ही मर्यादा मुलांना आधीच सोप्या शब्दांत सांगा. एखादे मूल गटात असे काही सांगू लागले, तर सर्वांसमोर खोदून विचारू नका. त्याला धीर द्या, सत्र संपताच एकांतात बोला आणि पुढे काय होईल ते समजावून सांगा. खोटे वचन मोडले, की ते मूल पुन्हा कोणाजवळही बोलायला कचरते.