ओळखीचा शिपाई

सैनिक म्हटला की महाराष्ट्राला साताऱ्याकडील अपशिंगे हे गाव आठवते. पहिल्या महायुद्धात तेथील ४६ पुरुष कामी आले आणि ‘मिलिटरी’ हा शब्द गावाच्या नावालाच कायमचा जडला. तेथे जवान व रयत यांच्यात अंतर असले, तर ते मुलखाचे. पोरगा सरहद्दीवर असतो, आणि रजेवर आला की पारावर त्याच्याभोवती मंडळी जमते. लढाई दूर असल्यामुळेच हा अभिमान इतका निर्वेध राहू शकतो, असे मला वाटते.

१९८२ साली चंद्रपुरातून वेगळ्या निघालेल्या गडचिरोली जिल्ह्यात मात्र शस्त्रधारी मनुष्य गावाच्या हद्दीतच, काटेरी तारांच्या आणि वाळूच्या पोत्यांच्या आड राहत आला आहे. कायद्याने तो सैनिक नव्हे. तो राज्याचा पोलीस किंवा केंद्रीय राखीव पोलीस दलाचा जवान. परंतु त्याची राहणी छावणीची, आणि परप्रांतातून तैनातीवर आलेल्याला तर ना गोंडी येते, ना माडिया, ना मराठी.

ही उणीव ओळखूनच १९९० साली तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी ज्यांना जंगलाच्या वाटा, बोली आणि रीतरिवाज उपजत ठाऊक आहेत अशा स्थानिक तरुणांचे साठ जणांचे पथक उभारले. तेच पुढे वाढत जाऊन ‘सी-६०’ या नावाने प्रसिद्धीस आले. युद्धशास्त्राच्या दृष्टीने ही योजना निर्विवाद यशस्वी ठरली. तिची सामाजिक किंमत मात्र कोणत्याही दप्तरात नोंदली गेली नाही. ‘पोलिसांचा खबरी’ या निव्वळ संशयावरून नक्षलवाद्यांनी अनेक गावकऱ्यांचे प्राण घेतले असल्यामुळे, दुर्गम गावातून भरती झालेल्या जवानाचे स्वतःच्याच घरी जाणे हे त्याच्या आप्तांवर संकट ओढवून आणण्यासारखे झाले. बायकामुले तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी, म्हातारे आईबाप खेड्यात, आणि भावकीतले लग्न त्याच्यावाचून, असा हा संसार. पुण्यामुंबईच्या वाचकाला जवानाची ओळख नसते, म्हणून दुरावा वाटतो. येथे ओळखच घातक, आणि म्हणून दुरावा पाळावा लागतो.

गावकऱ्याची अवस्था याहून सुखाची नव्हती. रात्री नक्षलवाद्यांचे दलम, म्हणजे सशस्त्र टोळी, येऊन भाताची मागणी करी, आणि भात कोणी रांधला याची चौकशी करणारे पोलीस पथक मागाहून येई. दोघांच्याही हाती बंदुका. अशा वेळी तो गप्प राहिला, तर त्याला कोणी फितूर म्हणावे आणि कोणी भेकड, हा न्याय शहरात बसून करणे फार सोपे आहे. महाराष्ट्रदिनी, १ मे २०१९ रोजी, कुरखेड्याजवळ जांभूळखेडा येथे नक्षलवाद्यांनी घडवलेल्या भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलिसांबरोबर त्यांच्या खाजगी गाडीचा चालकही मारला गेला. गणवेश नसलेल्या त्या मनुष्याला सुरुंगाने वेगळे काढले नाही.

गावकरी आणि ठाणे यांच्यातील अंतर कमी करण्यासाठी पोलिसांनी ‘दादालोरा खिडकी’ हा उपक्रम काढला. ज्या दाखल्यांसाठी आणि योजनांसाठी रयतेला तालुक्याची पायपीट करावी लागे, त्यांची व्यवस्था आता ठाण्यातच होते. सोय खरीच, आणि तिने कित्येकांचा ठाण्याविषयीचा धाक ओसरला असेल. तथापि जातीच्या दाखल्यासाठी पहाऱ्याच्या बंदुकीखालून जावे लागणे, हे मुलकी शासन तेथवर पोचलेच नसल्याची कबुली होय.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी नक्षलवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. यानंतर बंदोबस्त किती ठेवावा, हे अधिकारी ठरवतील. परंतु ती खिडकी ठाण्याच्या भिंतीतून काढून तलाठ्याच्या चावडीत बसवण्याचे काम तहसील कचेरीचे आहे, आणि त्यास आता सुरुंगाची सबब उरलेली नाही.