थंडीतही गोचीड

कुत्र्याच्या कानाची पाळी उलटली की एरंडीच्या बीसारखं टपोरं, राखाडी काही बोटाला लागतं. रक्त पिऊन फुगलेली ती गोचिडाची मादी. जवळच चपटा, तपकिरी नर. पायाच्या बोटांच्या बेचक्याही तपासायच्या. चिमटा अगदी कातडीला टेकवून गोचिडाला तोंडाशी धरायचं, न पिळता सरळ ओढायचं आणि स्पिरिटमध्ये टाकायचं. त्यावर रॉकेल ओततात, नखानं चिरडतात, ते मला बघवत नाही. रॉकेलनं कुत्र्याची कातडी पोळते.

पण अंगावर दिसतात ते थोडेच. पोट भरलं की मादी गळून पडते, भिंतीवर चढते आणि भेगेत किंवा दाराच्या चौकटीमागे हजारोंनी अंडी घालून मरते. त्यातून निघालेली सहा पायांची पिल्लं कुत्रा शोधतात, पितात, उतरतात, कात टाकून आठ पायांची होतात. पुन्हा चढतात, पुन्हा उतरतात, मग प्रौढ होतात. उबदार हवेत हा फेरा दोन-तीन महिन्यांत उरकतो. म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर त्यांचा सुळसुळाट होतो. थंडीत अंग स्वच्छ दिसतं, तरी भुकेला प्रौढ भेगेत महिनोन्‌महिने तग धरतो.

गोचिडांमुळे होणारा आजार तर याहून उशिरा उघड होतो. दवाखान्यात कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर पसरतात, गिम्सा रंग देतात. बबेसिया हा परजीवी असेल तर लाल पेशींत जांभळे ठिपके दिसतात. त्या पेशी फुटत जातात, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. एर्लिकिया हा जिवाणू पांढऱ्या पेशींत लपतो, काचेवर अनेकदा सापडतच नाही. तेव्हा घसरलेल्या प्लेटलेटवरून संशय घ्यायचा. चावल्यानंतर साधारण 8 ते 20 दिवसांत ताप येतो, ओसरतो, कुत्रं खायला लागतं. काहींच्या शरीरात मात्र जंतू टिकून राहतो आणि कित्येक महिन्यांनी अचानक नाकातून रक्त येतं.

“डॉक्टर, आता तर अंगावर एकही गोचीड नाही,” घरचे म्हणतात. ते खरंच असतं, तरीही रक्त तपासावं लागतं. एर्लिकियाला डॉक्सीसायक्लिन सहसा 28 दिवस देतात. दोन-तीन दिवसांत कुत्रं उड्या मारू लागलं तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत. तेवढ्यात गवंड्याला बोलावून भिंतीच्या भेगा बुजवून घ्याव्यात, आणि गोचिडांचं औषध डॉक्टरांना विचारून वर्षभर चालू ठेवावं, जानेवारीतसुद्धा.