चालती शाळा आणि चित्रित पाठ

चारोटीपाशी मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडून कासा आणि तेथून सायवनकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले, म्हणजे डहाणू तालुक्याच्या बागायती किनारपट्टीचा मागमूसही उरत नाही. माळ, डोंगरउतार, भातखाचरे आणि त्यांमधून दूरदूर विखुरलेले वारली, कोकणा, मल्हार कोळी समाजांचे पाडे लागतात. एका महसुली गावात असे अनेक पाडे असतात, आणि पावसाळ्यात ओढ्यांना पाणी आले की शाळेच्या हजेरीपटावरचे अंतर सरकारी नकाशावरच्या अंतरापेक्षा पुष्कळच वाढते. अशा मुलखात शिक्षकाने मोबाईल दूरध्वनीच्या साहाय्याने स्वतःचे पाठ चित्रित करावयास शिकणे ही वरवर पाहता शहरी टूम वाटेल. परंतु या प्रदेशाचा शैक्षणिक इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला त्यात एका जुन्या परंपरेचे पुढचे पाऊल दिसेल.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले, आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यांच्या कार्याचा गाभा होता. वस्तीतील अंगणात बालवाडी भरली, ती अंगणवाडी झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणावर शिक्षक गेले, ती कुरणशाळा झाली. शिंपले, बिया, पाने, काटक्या हीच तेथील शैक्षणिक साधने होती. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवरील मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या, त्याही याच वाटेने. या मुलखात शाळेला नेहमीच चालावे लागले आहे. चित्रित पाठाचे मोलही याच कसोटीवर ठरावे, की तो मुलापर्यंत चालत जातो किंवा नाही.

२०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे शाळांना कुलपे लागली, तेव्हा हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रासमोर एकदम उभा राहिला. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी मोहीम राज्याच्या शिक्षणखात्याने चालविली आणि सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. त्यांचा उपयोग निःसंशय झाला. पण साऱ्या राज्यासाठी एका ठरल्या वेळी प्रक्षेपित होणारा पाठ, ज्याच्या घरी दूरचित्रवाणी संच नाही किंवा त्या वेळी वीज नाही, त्याच्या हाती लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी त्याच्या कितीतरी आधी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून त्यामागे पाठ ठेवण्याची युक्ती योजिली होती. ती पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आली आणि २०२० साली डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. ग्रामीण प्राथमिक शिक्षकही आपल्या मुलांसाठी आपले पाठ निर्माण करू शकतो, हा विश्वास या उदाहरणाने अनेकांना दिला.

मात्र वीस-वीस वर्षे फळ्यासमोर उभा राहिलेला अनुभवी शिक्षकही पहिल्या चित्रणाच्या वेळी गडबडतो, आणि त्याचे कारण यंत्राचे अज्ञान हे नव्हे. वर्गात तो मुलांचे चेहरे वाचून बोलत असतो: कोणाच्या कपाळाला आठी पडली की थांबतो, कोणाचे डोळे चमकले की पुढे सरकतो. कॅमेऱ्याला चेहरा नसल्यामुळे त्याची गती वाढते आणि भाषा पुस्तकी होते. यावर साधा व गुणकारी उपाय असा, की कॅमेऱ्याशेजारी एखाद्या विद्यार्थ्याला बसवावे आणि त्यालाच शिकवावे. दुसरा उपाय संहितेचा. पाठात कोणती एकच संकल्पना सांगावयाची, कोणता प्रश्न विचारून मुलाला पाठ थांबवावयास लावावयाचे, आणि शेवटी त्याच्याकडून काय करवून घ्यावयाचे, याचा मसुदा कागदावर असला म्हणजे पाल्हाळ आपोआप गळते.

पाठाच्या लांबीविषयी २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगण्याजोगा आहे. एडएक्स या संस्थेच्या अभ्यासक्रमांतील चित्रफिती पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्यावर असे आढळले, की सहा मिनिटांहून लहान फितींकडे प्रेक्षकांचे लक्ष सर्वाधिक टिकते. ते प्रेक्षक बहुतांशी प्रौढ होते. मग दुसरी-तिसरीच्या मुलाला पाऊण तासाचा तास जसाच्या तसा चित्रित करून देणे कितपत शहाणपणाचे, हे निराळे सांगावयास नको. पडद्यावरचा मजकूर शब्दशः वाचून दाखविल्याने शिकणे सुलभ होण्याऐवजी अनेकदा जड होते, हे रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाचे प्रतिपादनही ध्यानी धरण्यासारखे आहे.

तांत्रिक बाबी थोड्याच, पण त्या चुकविता येत नाहीत. मोबाईल आडवा व स्थिर ठेवावा. स्टँड नसल्यास विटांचा आधार पुरतो. खिडकी शिक्षकाच्या पाठीशी आली तर त्याची केवळ काळी आकृती दिसते, म्हणून उजेड समोरून घ्यावा. मध्येच फोन येऊ नये यासाठी मोबाईल विमान-अवस्थेत टाकावा. आवाजाची काळजी चित्राहूनही अधिक घ्यावी, कारण अंधुक चित्र मूल सहन करते, पण न ऐकू येणारा पाठ लगेच सोडून देते. पत्र्याच्या छपरावर सर कोसळू लागली की चित्रण थांबविणे हाच मार्ग. एरवी कॉलरला लावावयाचा स्वस्त माईकही मोठा फरक पाडतो. गणितासाठी शिक्षकाच्या चेहऱ्यापेक्षा त्याचे हात वरून टिपावेत: भाकरीचे चार समान भाग करणारे हात अपूर्णांक अधिक स्पष्ट करतात.

येथे कोसबाडचा धडा पुन्हा उपयोगी पडतो. घरी वारली बोलणाऱ्या मुलाला पहिलीत प्रमाण मराठी परकी वाटते. शिक्षकाने पाठाचा आरंभ त्याच्या बोलीत करून हळूहळू पुस्तकाच्या भाषेकडे न्यावे, आणि उदाहरणे मोहाच्या फुलांची, भाताच्या लावणीची, घोलवडच्या चिकूची घ्यावीत. पुण्या-मुंबईत तयार झालेली देखणी चित्रफीत जे करू शकत नाही, ते हा ओबडधोबड पाठ करू शकतो.

खरी परीक्षा दिवाळीनंतर असते. भाताची कापणी आटोपली की अनेक कुटुंबे, येथील लोकांच्याच शब्दांत, ‘जगायला’ बाहेर पडतात: कोणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, कोणी बांधकामांवर, कोणी सीमेपलीकडे गुजरातेत. मुले बरोबर जातात आणि त्यांची शाळा मागे राहते. निघण्यापूर्वी बापाच्या मोबाईलमध्ये, मेमरी कार्डावर किंवा ब्लूटूथने, कमी आकाराचे पाठ उतरवून दिले, तर ते नेटवर्कशिवायही चालतात. फोन मुलाच्या हाती रात्रीच येणार आणि तोही थोडाच वेळ, हे गृहीत धरूनच पाठ आखावा. ते मूल परतल्यावर त्याने काय पाहिले आणि काय उमगले नाही, हे शिक्षकाने समोर बसवून विचारावे. तो संवाद कोणतीही चित्रफीत करू शकत नाही.

दोन धोके मात्र ओळखून असावे. मुलांचे चेहरे पालकांच्या संमतीवाचून सार्वजनिक होता कामा नयेत. आणि किती पाठ चित्रित झाले याचा तक्ता भरून वर पाठविण्याचा हुकूम निघाला, की संख्या वाढते व पाठ मरतो. अधिकाऱ्यांनी शिक्षकाला एक माईक, एक स्टँड आणि आठवड्यातून दोन मोकळे तास द्यावेत, आणि आकडे मागण्याऐवजी स्थलांतरातून परतलेल्या एखाद्या मुलाला जवळ बसवून त्याने कोणता पाठ पाहिला ते विचारावे. त्याचे उत्तर हाच या साऱ्या खटाटोपाचा खरा अहवाल होय.