पेगन ऑल्टर : बापलेकांची विलंबित लय

घरात वयात आलेला मुलगा असला आणि त्याच्या खोलीचे दार लावलेले असले, की त्या दाराआडून येणाऱ्या संगीताविषयी वडिलांची एक ठरावीक तक्रार असते. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला ती वर्षातून अनेकदा ऐकावी लागते. त्या गोंगाटाला ना सूर ना ताल, त्यापायी अभ्यासावरचे लक्ष उडते आणि मुलगा घरच्यांपासून दुरावतो, असे पालकांचे म्हणणे असते. या तक्रारीचा शेवटचा भाग मला नेहमीच अधिक गंभीर वाटत आला आहे. एखादे संगीत आवडो वा न आवडो. पण एकाच छपराखाली राहणाऱ्या बापलेकांनी एकमेकांचे ऐकणेच सोडून द्यावे, ही खरोखर चिंतेची बाब होय. म्हणूनच, ज्या संगीताने घरातली दारे बंद होतात असे आपण समजतो, तेच संगीत एका बापाने आणि त्याच्या मुलाने मिळून कसे निर्माण केले आणि अखेरपर्यंत कसे सांभाळले, ही हकीकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

लंडन शहराच्या आग्नेय भागात ब्रॉकली नावाची वस्ती आहे. तेथे १९७८ साली टेरी जोन्स आणि त्यांचा मुलगा ॲलन जोन्स यांनी एक वाद्यवृंद स्थापन केला. वडील गात, मुलगा गिटार वाजवी. इतर वादक काळाच्या ओघात आले आणि गेले; हे दोघे मात्र कायम राहिले. संचाला त्यांनी नाव दिले ‘पेगन ऑल्टर’, म्हणजे ख्रिस्तपूर्व जुन्या दैवतांची वेदी.

या संचाचे संगीत ज्या प्रकारात मोडते, त्याला ‘डूम मेटल’ असे म्हणतात. ‘डूम’ या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील मूळ अर्थ न्यायनिवाडा असा होता. पुढे त्याला अंतिम निवाडा, अटळ विनाश असे अर्थ चिकटले. या संगीताचा उगम बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या संचात सापडतो. त्या संचाचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे तयार केली, बारीक तारा वापरल्या आणि पुढे त्या ताराही सैल करून खालच्या सुरात लावल्या. त्यातून जो जड, काळोखी नाद निघाला, त्यावर एक सबंध परंपरा उभी राहिली. १९७० साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील पहिलेच गीत षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्या अंतरावर उभारलेले आहे. हे अंतर युरोपीय संगीतात फार अस्वस्थ करणारे मानले जाते. त्यात लय अगदी संथ. आपल्या परिभाषेत सांगावयाचे, तर विलंबित लय, मंद्राकडे ओढ आणि मध्येच तीव्र मध्यमाचा चटका, असे या संगीताचे ढोबळ लक्षण सांगता येईल.

पेगन ऑल्टरचा आरंभ झाला, तो काळ मात्र या संथपणाला मुळीच अनुकूल नव्हता. १९७९ साली ‘साउंड्स’ या लंडनच्या साप्ताहिकाने ब्रिटनमधील तरुण संचांच्या उसळीला ‘ब्रिटिश हेवी मेटलची नवी लाट’ असे नाव दिले. ‘आयर्न मेडन’, ‘डेफ लेपर्ड’ हे संच त्या लाटेवर स्वार होऊन जगभर गेले. त्या लाटेचा एकंदर कल द्रुत लयीकडे होता. ज्यांनी जाणूनबुजून संथ चाल धरली असे संच त्यात मोजकेच; स्टाउरब्रिजचा ‘विचफाइंडर जनरल’ हा एक आणि ब्रॉकलीच्या या बापलेकांचा दुसरा.

त्यांच्या रंगमंचावरील देखाव्यात गूढविद्येचे वातावरण असे. भुते, चेटकिणी, मृतांचा न्याय हे गीतांचे विषय. कोणाही सुजाण पालकाला याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. तथापि थोडे शांतपणे पाहिले, तर यात इंग्लंड-आयर्लंडच्या लोककथा, जुन्या ऋतुसणांच्या समजुती आणि मरणाविषयीचे सनातन कुतूहल यांचाच भरणा अधिक दिसतो. आपल्या आजीने सांगितलेल्या वेताळाच्या आणि हडळीच्या गोष्टी ज्यांनी पांघरुणात तोंड खुपसून ऐकल्या आहेत, त्यांना हे जग फारसे परके वाटू नये. टेरी जोन्स यांचा आवाज भरदार नव्हे. तो काहीसा बारीक, नाकातून येणारा आणि करुण आहे. एखादा म्हातारा कथेकरी शेगडीजवळ बसून जुनी गोष्ट सांगत असावा, तसा तो वाटतो. ॲलनची गिटार त्या आवाजाला केवळ साथ करीत नाही. गाणारा थांबला की गोष्टीचा पुढचा भाग तीच सांगते.

१९८२ साली या संचाने आपली गीते स्वतःच ध्वनिफितीवर काढली. पाठीशी कोणतीही मोठी कंपनी नव्हती. त्या फितीची त्या काळी म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यास संच विसावला. सामान्यतः अशा गोष्टीचा शेवट येथेच व्हावयाचा. पण फीत ही मोठी चिवट वस्तू आहे. एकाकडून दुसऱ्याकडे तिच्या नकला होत राहिल्या. परवानगीवाचून चोरट्या तबकड्याही निघाल्या. ज्यांनी ते संगीत जिवंत ठेवले, ते ना समीक्षक होते ना व्यापारी. ते होते दूरदूरचे अनामिक रसिक. अखेर १९९८ साली, म्हणजे तब्बल सोळा वर्षांनी, ‘ऑरॅकल’ या कंपनीने तेच ध्वनिमुद्रण ‘व्हॉल्यूम वन’ या नावाने रीतसर प्रकाशित केले. त्यातील एका गीताचे नाव ‘रीइनकार्नेशन’, म्हणजे पुनर्जन्म, असे आहे, हा योगायोग सुखद खरा!

या पुनर्जन्माने बापलेकांना पुन्हा उभारी दिली. २००४ साली ‘लॉर्ड्स ऑफ हिपॉक्रसी’, म्हणजे ‘ढोंगाचे धनी’, ही ध्वनिमुद्रिका निघाली. जुन्या काळी रचलेली पण मुद्रित न झालेली गीते त्यांनी नव्याने हाती घेतली होती. सैतान ब्रॉकलीला अवतरल्याचे सांगणारे एक गीत त्यात आहे. आपल्या गल्लीलाच त्यांनी दंतकथेत नेऊन बसविले! त्यानंतर २००६ साली ‘मिथिकल अँड मॅजिकल’ आली आणि अनेक रसिकांच्या मते तीच त्यांची सर्वांत परिपक्व कृती होय. तिच्यात ‘साउइन’ या प्राचीन केल्टिक सणावर गीत आहे. सुगी संपून हिवाळा लागतो, त्या संधिकाळी मृतांचे आत्मे घरी परततात अशी तिकडची समजूत. आपल्याला पितृपंधरवड्याची आठवण व्हावी अशी.

याच संग्रहात ‘अर्ल किंग’ या नावाचेही एक गीत आहे. हे नाव वाचताच साहित्याच्या अभ्यासकाला जर्मन महाकवी गटे याची १७८२ सालची प्रसिद्ध कविता आठवल्यावाचून राहत नाही. रात्रीच्या वेळी एक बाप आपल्या मुलाला कवेत घेऊन घोडा दौडवीत आहे. मुलाला वाटेत वेताळराजाचे बोलावणे ऐकू येते. बापाला काहीच ऐकू येत नाही. ते धुके आहे, वाऱ्याने पाने सळसळत आहेत, अशी तो मुलाची समजूत घालतो. घरी पोहोचेपर्यंत मुलगा गतप्राण झालेला असतो. मला ही कविता नेहमी सर्व पालकांसाठीच लिहिल्यासारखी वाटते. त्या बापाचे मुलावर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? पण मुलाला जे ऐकू येत होते, ते त्याला ऐकू आले नाही. टेरी जोन्स यांचे वेगळेपण मला येथेच दिसते. मुलाच्या तारांतून उमटणारा तो काळोखी नाद त्यांनी वाऱ्याची सळसळ म्हणून झटकून टाकला नाही. त्यांनी तो ऐकला आणि त्यात आपला आवाज मिसळला.

पुढे नवी गीते ध्वनिमुद्रित झाली; टेरींचे गायन पुरे झाले. पण ती ध्वनिमुद्रिका प्रकाशित होण्यापूर्वीच, मे २०१५ मध्ये, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. मागे राहिला तो त्यांचा आवाज आणि तो आवाज हाती घेऊन बसलेला मुलगा. ॲलनने वडिलांचे गायन तसेच ठेवून वाद्यांचे काम पुन्हा हाती घेतले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये ‘द रूम ऑफ शॅडोज’, म्हणजे ‘सावल्यांची खोली’, रसिकांच्या स्वाधीन केली. ऑस्कर वाइल्डच्या डोरियन ग्रेवरील गीत तिच्यात आहे; माणूस आणि त्याची मागे उरणारी प्रतिमा यांचाच तो विषय. वडिलांचा आवाज कानात घेऊन, तो पुन्हा पुन्हा ऐकत, त्याभोवती एकेक सूर बसविताना त्या मुलाच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना ज्याने पितृवियोग भोगला आहे त्यालाच यावी.

ॲलन तेथेही थांबला नाही. ब्रेंडन रॅडिगन या अमेरिकन गायकाला सोबत घेऊन त्याने संच पुढे चालू ठेवला आणि २०२५ साली ‘नेव्हर क्वाइट डेड’, म्हणजे ‘पुरते कधीच न मेलेले’, ही ध्वनिमुद्रिका सादर केली. या नावावर भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

या बापलेकांना अमाप पैसा वा लौकिक लाभला नाही. आजही त्यांचे नाव जाणणारे थोडे आणि विखुरलेले आहेत. आपल्याला हे संगीत रुचेलच असा माझा आग्रह नाही. मला स्वतःलाही ते दोन-तीनदा ऐकल्यावाचून उमगले नाही. परंतु पुढील वेळी मुलाच्या खोलीचे दार ठोठावताना आवाज कमी करावयास सांगण्यापूर्वी क्षणभर आत जावे, त्याच्या शेजारी बसावे आणि तू काय ऐकतोस ते मलाही ऐकव, असे म्हणून पाहावे. टेरींचा आवाज आज मुलाने जतन केला आहे. पण त्याच्या कितीतरी आधी मुलाची गिटार बापाने ऐकली होती, हे विसरून चालणार नाही.