मुकादमी आणि प्रकल्पविद्या

विद्यापीठात प्रकल्प-व्यवस्थापन शिकावयाचे आहे असे एखाद्या पदवीधराने घरी सांगितले की, ‘ही विद्या कामावर उभे राहूनच येते, वर्गात बसून काय कळणार?’ हा अभिप्राय त्याला हटकून ऐकावा लागतो. अनुभवी अभियंते, जुने ठेकेदार आणि आयुष्यात एकही काम मुदतीत न संपविलेले गृहस्थ तो सारख्याच आत्मविश्वासाने देत असल्यामुळे, त्याचा एकदा समाचार घेणे प्राप्त आहे.

अनुभवाची थोरवी कोणी नाकारीत नाही. पण केवळ अनुभवाने अंदाज सुधारतात काय? डेन्मार्कचे संशोधक बेंट फ्ल्यूबिअर्ग व त्यांचे सहकारी यांनी रस्ते, पूल, बोगदे व लोहमार्ग अशा २५८ कामांचे हिशेब तपासून २००२ साली प्रसिद्ध केले, तेव्हा दर दहांपैकी नऊ कामांचा खर्च अंदाजपत्रकाबाहेर गेल्याचे आढळले. आणि उद्वेगाची गोष्ट अशी की, या कामांनी व्यापलेल्या सत्तर वर्षांच्या कालखंडात ही चूक कमी झाल्याचे चिन्ह नव्हते. आपल्याकडचा गोसीखुर्द सिंचन प्रकल्प १९८३ साली सुमारे ३७२ कोटींचा होता, तो पुढे अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला. तेथे अनुभवी माणसांची वाण होती असे म्हणण्याचे धाडस कोण करील? भूसंपादन, पुनर्वसन, वनखात्याची मंजुरी या गोष्टी मुकादमाच्या नजरेच्या टप्प्यात येतच नाहीत. अभ्यासक्रमात मात्र त्यांना स्वतंत्र स्थान असते. आपल्या कामाचा अंदाज आपल्याच उमेदीवरून न बांधता, तशाच पुऱ्या झालेल्या कामांच्या हिशेबावरून बांधावा, ही रीतही तेथेच शिकविली जाते, आणि ब्रिटनच्या वाहतूक खात्याने २००४ साली ती आपल्या मार्गदर्शक नियमांत घेतली.

दुसरे एक साधे गणित पाहा. शाळेच्या इमारतीचा पाया पाच आठवडे, त्यानंतर भिंती व छत नऊ आठवडे, आणि तोवर कारखान्यात दारे-खिडक्या सहा आठवडे. या दारे-खिडक्यांच्या कामाला आठ आठवड्यांची सवड आहे. म्हणून सुतार दुप्पट केले तरी इमारत एक दिवसही लवकर उभी राहणार नाही. तीन कामांत हे उघड दिसते. तीन हजार कामांत कोणाच्याही उपजत बुद्धीला दिसत नाही, आणि याचसाठी केली व वॉकर या दोघा तज्ज्ञांनी अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीच्या कामात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘क्रिटिकल पाथ’ची, म्हणजे एकूण मुदत ठरविणारी कामांची साखळी शोधण्याची पद्धत सिद्ध केली. तरीही ‘माणसे वाढवा’ हाच हुकूम आजही सुटतो, याला काय म्हणावे!

किरकोळ समजुतींचा निकाल थोडक्यात लागतो. हा विषय केवळ बांधकामवाल्यांचा, ही एक. परंतु कामांचे वेळापत्रक आखण्याची ‘पर्ट’ ही पद्धत १९५८ साली अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी निघाली. कामांचे वेळापत्रक दाखविणारा आडव्या पट्ट्यांचा तक्ता अमेरिकेच्या गँटने प्रथम काढला, ही दुसरी. पोलंडचे अदामिएत्स्की १८९६ मध्येच तशा आलेखापर्यंत पोहोचले होते. प्रकल्प-व्यवस्थापकांची ‘पीएमपी’ ही प्रमाणपत्र-परीक्षा दिली की पदवी अनावश्यक, ही तिसरी; पण त्या परीक्षेसाठी पदवीधराला सामान्यतः प्रकल्प चालविल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणजे नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाला ती वाट मुळात बंदच असते.

मात्र ज्या अभ्यासक्रमात करारांचा कायदा नाही, जोखमीचे गणित नाही, फसलेल्या कामांच्या दप्तरांची छाननी नाही आणि एखादे सॉफ्टवेअर चालविणे तेवढे शिकवितात, त्याचे शुल्क वाचविलेले बरे. ते सॉफ्टवेअर त्याच्या पुस्तिकेवरून घरीही येते.