कुबडासकट उभा राहिलेला मनोरा

इराकमधल्या मोसुलचा अल-हदबा मनोरा पुन्हा उभारायचे ठरले, तेव्हा शहरातल्या बहुतेकांची मागणी एकच होती: होता तसाच हवा, वाकलेला. नूरुद्दीन झंगीने 1172-73 मध्ये बांधवलेल्या अल-नूरी मशिदीचा हा विटांचा मनोरा सुमारे 45 मीटर उंच. चौदाव्या शतकातच तो इतका कलला होता की लोक त्याला ‘कुबडा’ म्हणू लागले. पुढे इराकच्या दहा हजार दिनारच्या नोटेवर तो त्याच कुबडासह छापला गेला.

हा मनोरा नीट पाहिला तर तो कलंडलेला कमी आणि वाकलेला जास्त दिसे. चौथरा बराचसा जागेवर आणि वरचा गोल दंड एका बाजूला झुकलेला. कुणी याचा दोष वाऱ्याला देई, कुणी एकाच बाजूला तापणाऱ्या उन्हाला. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे कारण विटांच्या सांध्यांत होते. मोसुलमध्ये बांधकामाला जिप्समचा गारा वापरतात. तो झटकन धरतो, पण पाण्यापुढे टिकत नाही. लिटरभर पाण्यात दोनेक ग्रॅम जिप्सम सहज विरघळते. शहराच्या वरच्या अंगाला असलेले मोसुल धरणही जिप्समच्याच थरांवर बसले आहे, आणि त्याच्या पायात 1980 च्या दशकापासून सिमेंट भरत राहावे लागते.

अशा इमारतीचे निदान करताना ओळंबा किती सरकला, एवढे कळून भागत नाही. तो अजून सरकतो आहे का, हे कळावे लागते. त्यासाठी भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवतात. पट्टी अखंड राहिली तर भेग जुनी आणि निवांत आहे. तडकली तर आत काहीतरी चालू आहे.

1981 च्या सुमारास फोंदेदिले या इटालियन कंपनीने मनोऱ्याचा पाया बळकट केला. तिच्या फर्नांदो लिझ्झी या इंजिनिअरने 1950 च्या दशकात शोधलेली पद्धत जुन्या वास्तूंसाठी वरदान ठरली आहे. हादरे न देणाऱ्या फिरत्या यंत्राने जुन्या चिऱ्यांतून थेट जमिनीत बारीक, तिरकी छिद्रे पाडायची, प्रत्येकात सळई सोडायची आणि सिमेंटचा पातळ गारा भरायचा. झाडाच्या मुळांसारखे हे जाळे माती धरून ठेवते, आणि वरच्या नक्षीला धक्काही लागत नाही. मनोरा सरळ करण्याचा मोह तेव्हाही टाळला गेला, हे मला फार मोलाचे वाटते. वाढणारा कल हा रोग. थांबवलेला कल ही त्या वास्तूची ओळख.

पण इराण-इराक युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी जमिनीखालच्या सांडपाण्याच्या नळ्या फुटल्या आणि पाणी पायाशी झिरपू लागले. जुनी भिंत कुठेही फुगलेली दिसली, तर आधी गटार पाहावे.

21 जून 2017 रोजी इस्लामिक स्टेटने स्फोटकांनी मनोरा पाडला. चौथरा आणि दंडाचा बुंधा तेवढा उरला. 2018 मध्ये युनेस्कोने काम हाती घेतले, संयुक्त अरब अमिरातीने 5 कोटी 4 लाख डॉलर देऊ केले. राडारोडा जेसीबीने उचलून नेता आला नाही. सुरुंग निकामी करायचे होते, आणि ढिगात मनोऱ्याच्या हजारो अस्सल विटा होत्या. त्या हाताने वेचून वेगळ्या केल्या गेल्या.

पुढचे निदान मशिदीच्या नमाजगृहाचे. ही वास्तू 1940 च्या दशकात पुन्हा बांधलेली. फरशीखाली उत्खनन केले तेव्हा जुन्या चार खोल्या सापडल्या. त्या वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी असाव्यात, असा अंदाज आहे. 2024 मध्ये दक्षिणेकडच्या भिंतीत पाच मोठे बॉम्ब आढळले. ते ठेवण्यासाठी भिंतीचा तेवढा भाग खास नव्याने बांधून काढला होता. भिंत कधी, कुणी, कशासाठी बांधली, हे न विचारता तिच्यावर छत टेकवले असते, तर काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही.

मनोरा उभा राहिला, जुन्या विटांसह आणि जुन्या वाकासह. 1 सप्टेंबर 2025 रोजी त्याचे उद्घाटन झाले. मोसुलच्या नव्या पिढीने तो कोसळतानाच पाहिला होता. आता तिला तो दिसतो तो आजी-आजोबांना दिसत होता तसाच, डौलदार नक्षीच्या पट्ट्यांनी वेढलेला आणि जरासा एका बाजूला झुकलेला. सरळ मनोरा बांधणे कदाचित सोपे गेले असते. पण मग तो मोसुलचा राहिला नसता.