राळेची ओतकामे : लेखांक ५ — बळ आणि ठिसूळपणा

मागील लेखांकात साच्यांचा विचार झाला. आता त्या साच्यांत जी कृत्रिम राळ, म्हणजे रेझिन, ओतावयाची, तिच्या अंगच्या बळाचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. ‘दगडासारखी घट्ट होते’ या विक्रेत्याच्या ग्वाहीवर विसंबून गिऱ्हाईक किल्ल्यांच्या जुडग्याचे पदक तिचेच ओतते. परंतु घट्टपणा, ताण सोसण्याचे बळ आणि आघात पचविण्याची शक्ती हे तीन निरनिराळे गुण असून, पहिल्या दोहोंत उजवा ठरलेला पदार्थ तिसऱ्यात अगदी दुबळा असू शकतो. काचेची बांगडी वर्षानुवर्षे हातात टिकते, आणि मोरीच्या काठावर एकदा आपटली की तिचे तुकडे होतात.

ताणाच्या परीक्षेत पॉलिएस्टर आणि एपॉक्सी या दोन राळांत फारशी तफावत नसते. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५०० किलो वा त्याहून अधिक भार दोन्ही पेलू शकतात. मात्र पॉलिएस्टर सामान्यतः २ टक्क्यांच्या आसपास ताणली गेली की तुटते, तर एपॉक्सी त्याच्या दुप्पट ताण घेऊनही अभंग राहू शकते. शिवाय पॉलिएस्टर घट्ट होताना ५ ते ८ टक्क्यांनी आकसते, आणि आत शिंपला किंवा नाणे असेल तर ती त्याभोवती आवळली जाऊन तडा जाण्याची तयारी साचा उघडण्यापूर्वीच झालेली असते. उतावीळपणे उत्प्रेरक वाढविला तर उष्णता वाढून हा धोका बळावतो. तथापि ती स्वस्त आहे आणि तिला झिलई उत्तम चढते. मेजावर स्थिर राहावयाच्या कागददाबासाठी मी तिचीच शिफारस करीन.

एपॉक्सीचा कठोरक हा उत्प्रेरक नसून राळेच्या कणांशी जोडला जाऊन तिच्या शरीराचाच भाग बनतो. म्हणून तो जास्त घातल्याने काम लवकर होत नाही. जोडीदार न मिळालेला अंश आत तसाच राहतो आणि वस्तू चिकट, मऊ किंवा कमकुवत निपजते. डब्यावरील प्रमाण वजनाचे आहे की मापाचे, हे आधी वाचावे, कारण दोन्ही द्रवांची घनता सारखी नसते. वरमाळेची फुले जपण्यास हीच राळ योग्य, मात्र फुले पूर्ण वाळलेली हवीत.

पॉलियुरेथेन बारीक, लवचीक अवयवांना उपयोगी. परंतु कोकणच्या पावसाळी हवेत तिच्यातील आयसोसायनेट बाष्पाशी संयोग पावून कर्बवायू सोडते व ओतीव बुडबुड्यांनी भरते. प्रकाशाने घट्ट होणारी राळ पातळ थरांपुरतीच बरी.

राळ कोणतीही असो, पदक बहुधा भोकाशीच तुटते. ठिसूळ पदार्थाचे प्रत्यक्ष बळ त्यातील सूक्ष्म भेगा ठरवितात, हे ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली काचेवरील प्रयोगांनी दाखविले, आणि घाईने पाडलेल्या भोकाची कड म्हणजे अशा भेगांचे आगरच. अरुंद छिद्रात आकड्याचा स्क्रू जोराने पिळला की सभोवार चांदणीसारख्या चिरा उमटतात. तेव्हा ओतीव पूर्ण पक्व होऊ द्यावे, ज्यास एपॉक्सीच्या बाबतीत पुष्कळदा आठवडा लागतो. भोक धारेपासून पुरेसे आत घ्यावे, गिरमिट सावकाश चालवावे, आणि तोंडाशी उडालेल्या कपच्या बारीक पॉलिश पेपरने घासून काढून मगच कडी अडकवावी.